मनीमे गावचे मनीमेकर

पत्त्यांच्या बाबतीत मी स्वतःला जाणकार समजत होतो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. डोंबिवलीहून व्हीटीला एकतीस वर्षं नोकरीसाठी गेलेल्या माणसाला पत्ते शिकावे लागत नाहीत. ते अंगाला लागतात, वखारीतल्या माणसाला कोळसा लागतो तसे. सकाळच्या आठ एकोणीसला चौघांच्या मांड्यांवर एक ब्रीफकेस आडवी पडायची, तिच्यावर रुमाल पसरायचा आणि गाडी हलायच्या आत पानं वाटून व्हायची. एरवी मेंढीकोट, पाऊस पडून गाडी रखडली तर रमी, आणि पगाराच्या आठवड्यात तीन पत्ती. पारसिकच्या बोगद्यात दिवे गेले तरी कुणी पान बदलत नसे. एवढी सचोटी मी पुढे अकाउंट्स खात्यातही पाहिली नाही, आणि मी त्याच खात्यात होतो.

तर अशा माणसाला गेल्या दिवाळीत भाच्याने विचारलं, "मामा, पोकर खेळणार का?"

भाचा टेक्सासातल्या ऑस्टिनला असतो. लक्ष्मीपूजन झालं होतं, फराळाची ताटं अर्धी रिकामी झाली होती, आणि शेजारचे तिघे-चौघे 'जरा बसू' म्हणून आले ते उठायचं नाव घेत नव्हते. भाच्याने खेळ समजावला. प्रत्येकाला दोन पानं, ती आपली आपण बघायची. मग मध्ये पाच पानं उघडी मांडायची, ती सगळ्यांची. आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. मग शेवटचं, ती रिव्हर. या सातांतली उत्तम पाच धरायची. म्हणजे सार्वजनिक गणपतीसारखंच: वर्गणी सगळ्यांनी घालायची आणि प्रसाद एकानेच घरी न्यायचा.

चिप्स कुणाकडे नव्हत्या. बायकोने स्वयंपाकघरातून तीन डबे आणून ठेवले. वाल म्हणजे एक, चिंचोका म्हणजे पाच, राजमा म्हणजे पंचवीस. प्रत्येकाला वीस वाल, सोळा चिंचोके आणि चार राजमे, एकूण दोनशे. हा हिशेब मी तोंडी केला आणि भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही यात खूप पुढे जाल." त्या वाक्याची किंमत मी अजून फेडतो आहे.

पानं वाटायच्या आधी भाचा मला म्हणाला, "मामा, तुम्ही बिग ब्लाइंड. दोन वाल टाका."

आता तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणारा. आमच्या डब्यात एक गृहस्थ मुलुंडपर्यंत ब्लाइंड खेळायचे आणि घाटकोपरला पानं उचलायचे. 'बिग' म्हटलंय म्हणजे शेवटपर्यंत उचलायची नसणार, असा मी अर्थ लावला. दोन वाल टाकले आणि हाताची घडी घालून बसलो. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे दर डावाला पाळीपाळीने दोघांनी पानं मिळायच्या आधीच घालायची सक्तीची रक्कम, मेंटेनन्ससारखी. एकदा ती भरली की पानं खुशाल बघावीत. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागेल असं कुणाला वाटलं नाही.

भाच्याने दहा केले, मी दहा दिले. फ्लॉप आला. भाचा म्हणाला, "चेक?" मी म्हटलं, "रोख." सगळे हसले. मला वाटलं, माझ्या हजरजबाबीपणाला हसले. भाच्याने वीस टाकले, मी वीस टाकले. बाकीचे गळाले. रिव्हरला भाच्याने दोन राजमे सरकवले. मी माझ्या पानांवर पालथी ठेवलेली चकलीची बशीसुद्धा न हलवता समोरचा सगळा ढीग पुढे ढकलला. खरं सांगायचं तर झोप आली होती आणि डाव संपावा एवढीच इच्छा होती.

भाचा माझ्या डोळ्यांत बघत राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. मग दीर्घ श्वास घेऊन त्याने पानं टाकली. त्याच्याकडे राजा आणि दश्शी अशा दोन जोड्या होत्या.

"मामा, तुमच्याकडे काय होतं?"

"मला काय माहीत? मी ब्लाइंड होतो."

पानं उलटली तर दुर्री आणि सत्ती, वेगवेगळ्या रंगांची. भाच्याने कपाळाला हात लावला. दोन पानांचे जेवढे म्हणून हात पोकरमध्ये येऊ शकतात, त्यांत हा सगळ्यात टाकाऊ मानतात, असं तो म्हणाला. आमच्या इमारतीत मात्र त्या रात्री माझं नाव झालं. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब, वय बहात्तर, माझ्या त्या दोन पानांकडे बराच वेळ बघत होते, हे मला नंतर आठवलं.

विमानतळावर जाताना भाच्याने गाडीत मनीमेकरची गोष्ट सांगितली. ख्रिस मनीमेकर. मला वाटलं, आपल्याकडचाच कुणी, राजापूरच्या पुढे मनीमे म्हणून गाव असेल. तसं नव्हतं. हा अमेरिकेतल्या टेनेसीचा, आणि पेशाने माझ्यासारखाच अकाउंटंट. २००३ साली इंटरनेटवरच्या शहाऐंशी डॉलरच्या एका पात्रता-स्पर्धेतून तो लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरला पोचला. ही स्पर्धा तिथे १९७० पासून भरते. तिथे सत्तावीस वर्षांच्या या हिशेबनिसाने नावाजलेले खेळाडू झोपवले आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. त्याच्यानंतर जगभरच्या हिशेबनिसांना आपापल्या खुर्चीत चुळबुळ व्हायला लागली. माझ्यापर्यंत ती लाट बावीस वर्षं उशिरा आली, पण सेंट्रल रेल्वेवर राहणाऱ्याला उशिराचं काही वाटत नाही.

शनिवारची बैठक सुरू झाली. वकीलसाहेब, पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, सोसायटीचे सेक्रेटरी, समोरचा आयटीतला मुलगा, आठ एकोणीसच्या डब्यातला माझा जुना भिडू आणि मी. पहिल्याच बैठकीला वकीलसाहेबांनी कायदा मांडला. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे, आणि रमीत कौशल्य मोठं असं सुप्रीम कोर्टाने १९६८ साली म्हटलं ते रमीपुरतं, तेव्हा टेबलावर रुपया दिसता कामा नये. आयटीतल्या मुलाने फोनवरच्या ॲपचा विषय काढला, तर त्याला २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने केलेल्या कायद्याची आठवण देण्यात आली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने बंदच झाले. माझा भिडू दबक्या आवाजात म्हणाला, गोव्याला मांडवीत बोटींवर कॅसिनो आहेत. आतून बायकोचा आवाज आला, "गोव्याला गेलो तर मंगेशीला जायचं."

शेवटी ठरलं ते असं. राज्य चालवायचं चिंचोक्यांचं. रात्री साडेअकराला ज्याच्याकडे सगळ्यात कमी माल, त्याने रविवारी सकाळी सगळ्यांना स्टेशनजवळच्या हॉटेलात मिसळ द्यायची. मला हसू आलं. निवृत्त माणसाला रविवारची मिसळ फुकट मिळणार म्हणून.

पहिल्या शनिवारचा तो डाव मला पानापानाने आठवतो. माझ्याकडे नव्वी आणि दश्शी. मध्ये बदामचा गुलाम, बदामची अठ्ठी, चौकटची राणी, बदामची तिर्री, किलवरचा राजा. नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, राजा! अशी सिक्वेन्स मी डब्यात उघडली असती तर दादरपर्यंत शुकशुकाट झाला असता. मी पानं दाखवली आणि दोन्ही हातांनी, म्हणजे लग्नात जेवणावळीनंतर पत्रावळी गोळा करतात तसा, सगळा ढीग ओढून घेतला. सेक्रेटरींनी शांतपणे आपली दोन पानं ठेवली. बदामची पंजी, बदामची छक्की.

"कलर," ते म्हणाले.

"असू दे की," मी म्हटलं. "सिक्वेन्सपुढे कलर कसला?"

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला खाते. हे मला शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवायच्या आधी ठाऊक होतं. पोकरमध्ये उलटं आहे. ओढलेला ढीग परत सारावा लागला, त्यात एक चिंचोका माझ्या बाहीत गेला होता. तो कपडे बदलताना पडला तेव्हा बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते बघणं मला विसरायचं आहे.

हे उलटं का, म्हणून त्या रात्री दीडपर्यंत कागद घेऊन बसलो. बावन्न पानांतून तीन उचलली तर २२,१०० प्रकारे उचलता येतात. त्यांत साधी सिक्वेन्स ७२० प्रकारे लागते आणि कलर १,०९६ प्रकारे. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठी. पाच पानं उचलली की एकूण प्रकार होतात २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. पाच पानांत कलरच दुर्मीळ. माझी एकतीस वर्षांची श्रद्धा दोन पानं वाढवल्याबरोबर कोसळली होती, पण हिशेब पैपैशापर्यंत टॅली झाला आणि मला विलक्षण आनंद झाला. मी बायकोला उठवून सांगितलं. तिने विचारलं, "मग उद्या मिसळ कुणाकडे?"

यानंतर मी अभ्यासाला लागलो. व्हिडिओ पाहिले, वही केली, वहीला खाकी कव्हर घातलं. खेळ टेक्सासातल्या रॉब्सटाउनचा, आणि तसा ठराव २००७ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने केला, हेही टिपून ठेवलं. (आपल्याकडे विधिमंडळ आणि पत्ते असा विषय निघाला की बातमी वेगळीच होते.) पण खरी गोम चेहऱ्यात आहे, असं सगळे सांगत होते. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. मनीमेकरही २००३ साली काळा चष्मा लावून बसला होता.

काळा चष्मा माझ्याकडे होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेला, बाजूंनीही झाकणारा, हिरवट काळा. पुढच्या शनिवारी रात्री पावणेनऊला तो लावून मी माझ्याच दिवाणखान्यात उतरलो. डॉक्टरांनी विचारलं, "डोळे आले का?" मी उत्तर दिलं नाही. मनीमेकर देत नसणार.

तिसऱ्या-चौथ्या डावाला हातात किलवरचा एक्का आणि किलवरची छक्की आली. फ्लॉपच्या तिनांत किलवरची राणी आणि किलवरची दुर्री. एक किलवर आणखी पडलं की एक्क्याचा कलर! टर्नला बदामची नव्वी आली. रिव्हरला सत्ती पडली, काळी. मी आयुष्यात पहिल्यांदा 'ऑल-इन' हा शब्द मोठ्याने उच्चारला. मुलगा पानं टाकून मोकळा झाला. सेक्रेटरी मात्र थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सत्तीकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कॉल."

मी दोन्ही पानं टेबलावर आपटली. "कलर!"

कुणीच काही बोलेना. मग डॉक्टर हलकेच म्हणाले, "काका, एकदा चष्मा काढा."

काढला. टेबलावर इस्पिकची सत्ती होती. अगदी स्वच्छ, छापील, टोकदार इस्पिक. काळ्या काचेतून ट्यूबलाइटखाली किलवर आणि इस्पिक यांत फरक राहत नाही, ही गोष्ट कुठल्याही व्हिडिओत सांगितलेली नव्हती. हातात काय उरलं? एक एक्का. सेक्रेटरींकडे चौक्यांची जोडी होती, तेवढी पुरली. रविवारी मिसळवाल्याच्या गल्ल्यावर मी चष्म्याशिवाय उभा होतो आणि सगळे आकडे मला नीट दिसत होते.

मध्ये एक शनिवार बुडाला. दुपारी बायकोने डाळिंब्यांच्या उसळीसाठी वाल भिजत घातले, ते बँकेच्या डब्यातले निघाले. रात्री आठला बँकेला मोड आलेले नव्हते, पण ती फुगली होती आणि सालं सुटत होती. वकीलसाहेबांच्या मते ही चलनवाढ. उसळ सगळ्यांनी खाल्ली, डाव झाला नाही, आणि तो माझ्या पोकर-कारकिर्दीतला सर्वांत फायद्याचा शनिवार ठरला.

त्यानंतर भिडूला नातवाच्या वाढदिवसाला जावं लागलं आणि सहावा कमी पडला म्हणून बायको बसली. ती बत्तीस वर्षं शाळेत शिक्षिका होती. 'बाई, वही घरी विसरली' हे वाक्य तिने चाळीस-चाळीस तोंडांतून रोज ऐकलेलं. तिला नियम समजायला दहा मिनिटं लागली. पुढे तासभर ती फक्त माणसांकडे बघत होती, पानांकडे अधूनमधून. साडेअकराला राजमे सगळे तिच्यापुढे.

सगळे गेल्यावर डबे भरता भरता ती म्हणाली, "अहो, तुम्ही चिवडा का देता सगळ्यांना?"

"कधी?"

"चांगली पानं आली की. एरवी बशी स्वतःजवळ ओढून बसता. पानं चांगली आली की 'घ्या ना, घ्या' म्हणून पुढे सरकवता. बशी सरकली की पाचही जण पानं टाकतात. त्यांना कधीच कळलंय."

पोकरमध्ये याला टेल म्हणतात: माणसाच्या अंगातून नकळत फुटलेली बातमी. कुणाचा हात थरथरतो, कुणाचा श्वास अडकतो. माझं टेल चिवडा होतं. मला आनंद झाला की आतिथ्य सुचतं, म्हणजे संस्कार आडवे आले. आता त्याला काय करणार? पण उपाय तरी सापडला होता. बशीचा मोह आवरायचा.

आणि नेमका त्याच सुमारास तो हात आला. दोन एक्के, इस्पिकचा आणि बदामचा. हा जोड २२१ डावांत सरासरी एकदा मिळतो. आमच्या रमतगमत चालीने एका शनिवारी साठेक डाव होतात, म्हणजे चार शनिवारांतून एकदा. मी तर अकरा शनिवार वाट पाहत होतो. काळजाचा ठोका कानात वाजायला लागला. उजवा हात आपोआप बशीकडे निघाला होता. मी तो परत बोलावला आणि मांडीखाली दाबून बसलो.

डाव्या हाताने मी एक राजमा टाकला. बाकीचे गळाले. वकीलसाहेबांनी बशीकडे पाहिलं. बशी जागेवर. त्यांनी एक राजमा टाकला.

फ्लॉप: चौकटचा राजा, किलवरची सत्ती, बदामची चौकी. मी होतं नव्हतं ते सगळं लोटलं. वकीलसाहेबांनी पुन्हा बशीकडे पाहिलं. चिवडा तसाच, माझ्या कोपराशी, मीच दडपून ठेवलेला. ते समाधानाने म्हणाले, "यांच्याकडे काही नाही," आणि त्यांनीही सगळं टाकलं. म्हणजे माझा चेहरा, माझा हात, माझी बशी, सगळं त्या एका डावात पहिल्यांदा माझ्या ताब्यात होतं, आणि त्याचा परिणाम म्हणून ज्या माणसाने एरवी पळून जायला हवं होतं तो बसून राहिला.

पानं उघडली. मी एक्के ठेवले. वकीलसाहेबांनी ठेवली दुर्री आणि सत्ती.

"हे घेऊन तुम्ही आलात?" मी ओरडलोच.

"दिवाळीत तुम्ही याच हाताने तो टेक्सासवाला झोपवलात," ते म्हणाले. "मी तेव्हापासून हीच पानं धरतो. तुमचाच दाखला आहे."

दोन एक्क्यांपुढे दुर्री-सत्तीने बसायचं म्हटलं तर शंभरातले अठ्ठ्याऐंशी डाव एक्क्यांचे असतात. माझ्या वहीत तसं लिहिलेलं आहे, लाल शाईने, खाली दोन रेघा मारून. फ्लॉपवर त्यांना सत्तीची जोडी लागली होती, तरी एक्के अजून पुढेच होते. टर्नला गुलाम आला. कुणाच्याच कामाचा नाही. रिव्हरचं पान डॉक्टरांनी जरा जास्तच सावकाश उलटलं. चौकटची दुर्री. सत्तीची जोडी, दुर्रीची जोडी, आणि त्यांच्यापुढे माझे दोन एक्के लग्नात बोलावणं नसलेल्या पाहुण्यांसारखे उभे.

मी उजवा हात मांडीखालून काढला. मुंग्या आल्या होत्या. बशी सगळ्यांपुढे सरकवली आणि म्हटलं, "घ्या ना, घ्या."

त्याच्या पुढच्या शनिवारी मी बहिणीकडे चिपळूणला गेलो होतो. माझ्या जागी बायको बसली आणि, सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं त्याप्रमाणे, वकीलसाहेबांची सगळी दुर्री-सत्ती तिने साफ केली. रविवारची मिसळ त्यांच्यावर आली. म्हणजे इतक्या आठवड्यांत प्रथमच मी सोडून दुसरा कुणी तरी.

सोमवारी परतलो. स्टेशनवरून बॅग घेऊन घराकडे निघालो, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने हाक मारली.

"काका, कालची मंडळी खाऊन गेली. वकीलसाहेब म्हणाले, नेहमीच्या खात्यावर लिहा. सातशे चाळीस."

मी दिले. त्यात दोन ताकं जास्तीची होती.